बोक्याचा सुळा, माणसाची सुई: एफआयव्ही आणि एचआयव्ही पसरतात तरी कसे?

मांजराच्या तोंडाला वास येतो, हिरड्या लालभडक झाल्यात, खाताना ते मध्येच ओरडून मागे सरतं. डॉक्टर रक्ताचे दोन थेंब टेस्ट-किटवर टाकतात आणि दहा मिनिटांत सांगतात, ‘एफआयव्ही पॉझिटिव्ह आहे.’ घरी कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि ‘मांजरांचा एड्स’ हे शब्द समोर येतात. मग प्रश्नांची रांग लागते. लेकराला बोचकारलं होतं, त्याला काही होईल का? घरातल्या दुसऱ्या मांजराचं काय? याला आता बाहेर सोडायचं का?

थोडक्यात उत्तरं अशी. लेकराला एफआयव्ही होणार नाही. दुसऱ्या मांजराला धोका आहे, पण तो दोघांची भांडणं होतात का यावर ठरतो. आणि बाहेर सोडणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे. असं का, हे समजायला विषाणू शरीरात शिरतो कसा आणि बाहेर पडतो कुठून, एवढं पाहावं लागतं.

हे विषाणू करतात काय?

एचआयव्ही माणसाचा, एफआयव्ही मांजराचा. दोन्ही एकाच कुळातले. या कुळाला लेंटिव्हायरस म्हणतात, म्हणजे संथपणे काम करणारे विषाणू. लागण आज झाली तरी आजारपण दिसायला कित्येक वर्षं जातात.

हे विषाणू रोगप्रतिकारक पेशींतच शिरतात. एरवी शरीराला इशारा देणाऱ्या, बाकी पेशींना कामाला लावणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्याच यांचं लक्ष्य. पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या आनुवंशिक मजकुराची, डीएनएत नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. सातबाऱ्यावर एकदा नाव चढलं की ते उतरवणं किती अवघड असतं, हे ज्यांनी तलाठी कार्यालयाच्या खेपा घातल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. इथंही तसंच. रक्तात फिरणारे विषाणू औषधांनी आटोक्यात येतात, पण पेशीच्या डीएनएत झालेली नोंद तशीच राहते. म्हणून औषधांनी आजार दाबता येतो, मुळासकट काढता येत नाही.

मात्र पेशीत शिरायला पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिन लागतं. एचआयव्हीला लागतं सीडी४. एफआयव्हीला लागतं सीडी१३४, आणि तेही मांजराचंच. माणसाच्या पेशींवरही सीडी१३४ असतं, पण त्याची घडण वेगळी असल्याने एफआयव्हीला ते धरता येत नाही.

एचआयव्ही १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. एफआयव्ही त्यानंतर तीन वर्षांनी, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी, बरीच मांजरं एकत्र पाळलेल्या एका ठिकाणी. एकाच कुंपणातली मांजरं एकामागून एक खंगत होती आणि तेव्हा माहीत असलेल्या ल्युकेमिया विषाणूची टेस्ट निगेटिव्ह येत होती. नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो या संशोधकांनी त्यांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. विषाणू नवा नव्हता, नजरेत नव्याने आला. आफ्रिकेतल्या सिंहांमध्येही याच कुळातला विषाणू फार पूर्वीपासून वावरतो आहे.

मांजरांत: चावा, आणि तोही खोल

एफआयव्ही बाधित मांजराच्या लाळेत भरपूर असतो. पण लाळ अंगावर पडली म्हणून लागण होत नाही. ती कातडीच्या आत, रक्त आणि स्नायूंपर्यंत पोचावी लागते.

बोक्यांची मारामारी आठवून पाहा. आधी बराच वेळ घशातून तो लांबलचक गुरगुराट, मग एकदम झडप. या झडपेत सुळे मानेत, गालावर, पुढच्या पायात किंवा शेपटीच्या बुडाशी रुततात. मांजराचा सुळा बारीक आणि टोकदार असतो. तो कातडीत शिरतो, लाळ आत सोडतो आणि बाहेर येतो. वरचं भोक इतकं लहान असतं की एकदोन दिवसांत मिटून जातं. आत मात्र जंतू कोंडले जातात आणि तीन-चार दिवसांनी तिथं गळू येतं. घरी येणाऱ्या बोक्याच्या मानेवर वारंवार गळू होत असेल, तर तो वारंवार चावे खातोय आणि प्रत्येक चाव्याबरोबर एफआयव्ही येण्याची शक्यता आहे, असं समजावं. नखांनी बोचकारल्याने ही भीती फारशी नसते.

म्हणूनच हा आजार सगळ्या मांजरांत सारख्या प्रमाणात आढळत नाही. नसबंदी न झालेला, मोकळा हिंडणारा, हद्दीसाठी भांडणारा प्रौढ बोका सर्वाधिक धोक्यात. त्यामानाने भाट्यांमध्ये प्रमाण बरंच कमी. घराबाहेर कधी न गेलेल्या मांजरात ते जवळपास नाहीच.

बाकी वाटा अरुंद आहेत. समागमातून लागण होऊ शकते, पण त्यातही बोका भाटीची मान दातांत धरतो, हे विसरू नये. आईकडून पिल्लांना गर्भात, जन्मताना किंवा दुधातून लागण होऊ शकते, विशेषतः आईला त्याच सुमारास नव्याने लागण झाली असेल तर. आईची लागण जुनी असेल तर बहुतेक पिल्लं सुटतात. बाधित मांजराचं रक्त दुसऱ्याला चढवलं तर लागण होणारच. त्यामुळे रक्तदाता मांजराची आधी टेस्ट करतात.

एकाच वाडग्यात खाल्लं तर?

इथं दोन विषाणूंची गल्लत होते. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू, म्हणजे एफईएलव्ही, एकमेकांना चाटण्यातून आणि एका वाडग्यातून सहज पसरतो. एफआयव्ही तसा पसरत नाही. किटवर दोन्हींच्या रेघा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे नेमकी कोणती पॉझिटिव्ह आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. घरातली पुढची सगळी व्यवस्था त्यावर ठरते.

बाधित आणि निरोगी मांजरं निवाऱ्यात एकत्र ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरं एकत्र खात होती, एकत्र झोपत होती. निरोगी मांजरांपैकी एकालाही लागण झाली नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, सुकला की निकामी होतो आणि साध्या साबणानेही मरतो. पिसवा आणि डासांमार्फत तो पसरत असल्याचं दिसलेलं नाही.

मांजराला चाव्याने होतो, मग माणसाच्या चाव्याने एचआयव्ही का नाही?

प्रश्न रास्त आहे. फरक लाळेत आहे आणि दातांतही.

माणसाच्या लाळेत एचआयव्ही अत्यल्प असतो. शिवाय लाळेतली काही प्रथिनं त्याला निष्प्रभ करतात. लाळेत रक्तापेक्षा क्षार कमी असतात, त्यामुळे विषाणू बाळगणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यात आल्या की पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुसरं म्हणजे आपले दात बोथट. ते चिरडतात, खोल टोचत नाहीत. दोघांच्याही तोंडातून रक्त येत असताना खोल चावा घेतल्याची मोजकी प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, पण तिथं काम रक्ताने केलं, लाळेने नाही.

माणसांत: चार द्रव आणि बरेच गैरसमज

माणसांत एचआयव्ही लागण होण्याएवढ्या प्रमाणात मुख्यतः रक्त, वीर्य, योनी व गुदमार्गातील स्राव आणि आईचं दूध यांत असतो. घाम, अश्रू, थुंकी, लघवी यांतून पसरत नाही. आणि तो थेट रक्तात, किंवा योनी, गुदद्वार, शिश्नाचा अग्रभाग अशा नाजूक पडद्यांवर पोचावा लागतो. धडधाकट कातडी त्याला पुरेशी अडवते.

कोणत्या वाटेने धोका किती, याचे अंदाज उपलब्ध आहेत. समोरची व्यक्ती बाधित आणि औषधांशिवाय आहे असं धरलं, तर दर १०,००० प्रसंगांमागे सरासरी किती लागणी होतात ते पाहू. बाधित रक्त चढवलं तर सुमारे ९,२५०. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला १३८. नशेसाठी एकच सुई वापरली तर ६३. रुग्णालयात चुकून सुई टोचली तर २३. योनिमैथुनात स्त्रीला ८, पुरुषाला ४.

शेवटचे आकडे पाहून निर्धास्त होऊ नका. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातले विषाणू प्रचंड वाढलेले असतात, आणि नेमक्या त्याच काळात माणसाला स्वतःला काही कळलेलं नसतं. फार तर ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, की वाटतं व्हायरल असेल. गुप्तरोगाचा व्रण असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. शिवाय हा आकडा एका प्रसंगाचा आहे, वर्षानुवर्षांच्या संसाराचा नाही.

सुईबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय बरं वाटत नाही अशी मंडळी घरोघरी आहेत. वापरलेल्या सुईच्या पोकळीत आणि सिरिंजमध्ये रक्ताचा अंश उरतो. तिथं तो लवकर सुकत नाही, त्यामुळे विषाणू उघड्या जागेपेक्षा बराच जास्त काळ जिवंत राहतो. सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली, तरी हा धोका संपत नाही. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात २०१८ साली आणि पाकिस्तानात सिंधमधल्या रतोडेरोत २०१९ साली अचानक कित्येक लोक बाधित निघाले, तेव्हा बोट पुन्हा वापरलेल्या सिरिंजकडेच गेलं. रतोडेरोत तर बहुतेक लहान मुलं होती. डॉक्टर सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, हे पाहण्यात कसला आलाय संकोच?

आईकडून बाळाला होणारी लागण आज सगळ्यांत जास्त टाळण्याजोगी आहे. काहीच उपचार केले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईला औषधं वेळेत सुरू झाली आणि बाळालाही जन्मतःच औषध दिलं, तर हे प्रमाण ५च्या खाली येतं. इथं घरोघरी एक चूक होते. आईचं दूध चालू असतानाच आजी प्रेमाने गुटी, मध, गाईचं दूध, पाणी पाजते. अशा मिश्र आहाराने बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ आईचंच दूध द्यायचं, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्णपणे वरचं. दोन्ही एकत्र नको.

डास? न्हाव्याचा वस्तरा?

डास रक्त ओढतो, सोडतो ती स्वतःची लाळ. एचआयव्ही त्याच्या पोटात पचून जातो, तिथं वाढत नाही. डासाने एचआयव्ही पसरला असता तर पावसाळ्यात डेंगीसारखी त्याचीही साथ आली असती, आणि लहान मुलं व म्हातारेही तितक्याच संख्येने बाधित झाले असते.

वस्तऱ्याने एचआयव्ही होण्याची शक्यता नगण्य आहे. तरीही न्हाव्याकडे नवं पातं मागा, कारण हिपॅटायटिस बी. बाधित सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते, हिपॅटायटिस सीची सुमारे २ ते ३ टक्के आणि एचआयव्हीची जेमतेम ०.२३ टक्के. आपल्या भीतीचा क्रम मात्र बरोब्बर उलटा. हिपॅटायटिस बीवर लस आहे, ती घेतली नसेल तर घ्या.

एचआयव्ही चिंपांझीकडून आला, मग उद्या मांजराकडून का नाही?

एचआयव्हीचा मुख्य प्रकार आग्नेय कॅमेरूनच्या जंगलातल्या चिंपांझींच्या विषाणूपासून आला, हे जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास, शिकार करताना आणि मांस कापताना रक्ताचा संपर्क येऊन तो माणसात शिरला असावा. चिंपांझी आपला अगदी जवळचा भाऊबंद. त्याचं सीडी४ आणि आपलं सीडी४ यांत फारसा फरक नाही.

मांजर आपल्यापासून फार दूर आहे. एफआयव्हीला आपल्या पेशीत शिरायला जागाच मिळत नाही. आणि प्रयोगशाळेत कसाबसा शिरवला, तरी माणसाच्या पेशीत घुसखोर विषाणूंच्या जनुकांची मोडतोड करणारी स्वतःची प्रथिनं असतात. मांजराच्या पेशीतल्या अशा प्रथिनांवर मात करण्याची युक्ती एफआयव्हीकडे आहे, माणसाच्या नाही. मांजर माणसाजवळ हजारो वर्षं राहतंय आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना रोज कुठलं ना कुठलं मांजर चावतं. तरी कुणाला एफआयव्ही झाल्याचं आढळलेलं नाही. माणसाचा एचआयव्हीही मांजराला होत नाही.

चावलंच तर काळजी करायची ती रेबीजची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा. मांजराच्या तोंडातल्या जिवाणूंनी हात चोवीस तासांत सुजू शकतो, त्यासाठी प्रतिजैविकही लागू शकतं.

घरातल्या माणसाला एचआयव्ही असेल तर मांजर पाळता येतं, फक्त टोक्सोप्लाझ्मा या परजीवीकडे लक्ष हवं. मांजराच्या विष्ठेतली त्याची अंडी एक ते पाच दिवसांनंतर लागण करण्याजोगी होतात. म्हणून लिटरचा ट्रे रोजच्या रोज साफ करावा, शक्यतो दुसऱ्या कुणी, नाहीतर हातमोजे घालून. मांजराला कच्चं मांस देऊ नये. त्या माणसाच्या रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या १००च्या खाली असेल तर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्याही देतात. खरं तर हा परजीवी बहुधा अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून येतो, बोल मात्र मांजराला लागतो.

टेस्टवर किती विश्वास ठेवायचा?

मांजराची नेहमीची टेस्ट विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. यातून दोन घोळ होतात. बाधित आईची प्रतिपिंडं दुधातून पिल्लात येतात, त्यामुळे निरोगी पिल्लूही पॉझिटिव्ह दिसतं. असं पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं, त्याआधी निकाल लावायचा नाही. उलट बाजूने, नुकत्याच चावा खाल्लेल्या मांजरात प्रतिपिंडं तयार व्हायची असतात, म्हणून निगेटिव्ह आली तरी ६० दिवसांनी पुन्हा तपासावं. परदेशातून आणलेलं मांजर असेल तर एफआयव्हीची लस दिली होती का ते विचारा. अमेरिकेत २००२ मध्ये आलेली ही लस तिथं आता मिळत नाही, पण ती घेतलेलं मांजरही टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येऊ शकतं.

माणसांच्या टेस्टलाही असाच मधला काळ असतो. प्रयोगशाळेतली प्रतिपिंड व प्रतिजन (म्हणजे विषाणूचा स्वतःचा अंश) दोन्ही शोधणारी टेस्ट सुमारे ४५ दिवसांनंतर खात्रीची मानतात, बोटातून रक्त घेऊन केलेली झटपट टेस्ट ९० दिवसांनंतर. सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही सल्ला व तपासणी केंद्रात, ती मोफत होते आणि एका किटवर पॉझिटिव्ह सांगून मोकळे होत नाहीत, वेगवेगळ्या तीन टेस्ट करून निदान पक्कं करतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही.

औषधांनी पसरणं थांबतं का?

माणसांत थांबतं. जोडीदारांपैकी एक बाधित अशी १,७६३ जोडपी घेऊन नऊ देशांत एक चाचणी झाली. पुण्यातल्या भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तीत सहभागी होती. औषधं लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं २०११ मध्ये दिसलं. त्यानंतरच्या अभ्यासांत तर रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबलेला असताना लैंगिक संबंधातून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. अट एकच, गोळी चुकवायची नाही. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, ही औषधं मोफत मिळतात.

सुई टोचली, कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. पहिल्या दोन तासांत सुरू केली तर उत्तम. सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. सुई टोचल्यावर बोट पिळू नका, चोखू नका, साबणपाण्याने धुवा. कुठं जायचं कळत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

मांजरांसाठी अशी रोजची गोळी नाही. माणसांना एचआयव्हीसाठी देतात ते झिडोव्युडीन हे औषध तोंडाच्या तीव्र दाहात काही मांजरांना देतात, पण त्याने रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. घरच्या डब्यातलं काही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मग घरातल्या पॉझिटिव्ह मांजराचं काय करायचं?

पहिलं, नसबंदी. बोक्याची वृषणं काढल्यावर काही आठवड्यांत संप्रेरक उतरतं, हद्दीची मारामारी कमी होते आणि चावेही घटतात. दुसरं, घरातच ठेवणं आणि खिडक्यांना जाळी. बाहेर सोडलेला बाधित बोका गल्लीतल्या दहा बोक्यांशी भांडतो, आणि स्वतःही बाहेरच्या जंतूंना बळी पडतो. फक्त पॉझिटिव्ह आलं म्हणून मांजराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं तर पूर्ण चुकीचं. अनेक बाधित मांजरं कित्येक वर्षं ठणठणीत जगतात आणि शेवटी म्हातारपणाच्या आजाराने जातात.

दर सहा महिन्यांनी वजन, दात, हिरड्या आणि रक्त तपासून घ्या. जेवण शिजवलेलं द्या. ताप, वजन घटणं, जुलाब, लाळ गळणं यांतलं काही दिसलं तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका. ज्या दुखण्यात निरोगी मांजर दोन दिवस थांबू शकतं, त्यात याला दोन तासांत दवाखाना गाठावा लागतो.

दुसरं मांजर आधीपासून असेल आणि दोघं एकमेकांना टेकून झोपत असतील, तर त्यांना वेगळं करायची गरज नाही. दुसऱ्याचीही टेस्ट करून ठेवा. नवं मांजर आणायचं असेल तर मात्र घाई नको. पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, अंथरुणं अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा करा, मग जाळीआडून भेट, मग तुमच्या नजरेसमोर एकत्र. वाडगी आणि ट्रे वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, कारण भांडणं बहुतेक तिथंच पेटतात. अंगावरचे केस उभारून गुरगुरणं पंधरवड्यानंतरही थांबलं नाही, तर ही जोडी जमणार नाही असं समजून दार बंद ठेवा. झटापट होऊन चावा लागलाच तर केस बाजूला करून ती जागा शोधा, डॉक्टरांना दाखवा आणि दोन महिन्यांनंतरची तारीख टेस्टसाठी कॅलेंडरवर लिहून ठेवा.